दागिना हाताचा, पसंती गिऱ्हाइकाची
हस्तनिर्मित अलंकारांची रचना करताना कोणत्या बाबींकडे लक्ष द्यावे?

(आमच्या वार्ताहराकडून)

काटेवाडी : बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काटेवाडी हे गाव ग्रामस्वच्छतेच्या आणि पर्यावरणाच्या उपक्रमांमुळे राज्याला परिचित आहे. संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यातील मेंढ्यांचे रिंगण आणि परीट समाजाकडून अंथरल्या जाणाऱ्या धोतराच्या पायघड्या यांमुळे वारकऱ्यांच्या मनातही या गावाला वेगळे स्थान आहे. ऊस, द्राक्षे आणि डाळिंबे पिकविणाऱ्या या परिसरात शेतीला पूरक उत्पन्न मिळावे, यासाठी महिला बचत गटांमार्फत अनेक उद्योग केले जातात. पापड, मसाले आणि गोधड्यांच्या जोडीला हाताने घडविलेले दागिने हा त्यांपैकीच एक व्यवसाय होय.

या व्यवसायाला भांडवल थोडे लागते, जागा लागत नाही आणि घरकाम सांभाळून तो करता येतो. त्यामुळे तो सुरू करणे सोपे आहे. टिकविणे मात्र अवघड. गटाकडून कर्ज घ्यायचे, मणी व तारा आणायच्या, महिनाभर बसून शेकडो नग तयार करायचे आणि प्रदर्शनातून त्यांतील निम्मे परत घरी आणायचे, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. न विकला गेलेला दागिना डब्यात पडून काळवंडतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणूनच दागिना कसा ओवावा, याआधी तो कोणासाठी आणि कशासाठी ओवायचा, याचा विचार होणे गरजेचे आहे.

यंत्राशी स्पर्धा नको

बाजारात साच्यातून निघालेले दागिने हजारोंच्या संख्येने येतात. त्यांचा दर इतका कमी असतो, की केवळ कच्चा मालही त्या किमतीत येत नाही. अशा दागिन्याची हुबेहूब नक्कल हाताने करून तो त्याच भावात विकण्याचा प्रयत्न म्हणजे हरण्यासाठीच खेळलेला डाव म्हणावा लागेल. ग्राहकाला दोन्ही सारखेच दिसले, तर ती स्वस्त वस्तूच उचलणार आणि त्यात तिचे काही चुकत नाही.

हाताने काम करणाऱ्या कारागिराकडे यंत्राजवळ नसलेल्या तीन गोष्टी असतात. ती एका विशिष्ट स्त्रीच्या गळ्याच्या मापाचा दागिना करू शकते. साडीच्या काठाचा रंग पाहून त्यातील मणी बदलू शकते. आणि आपल्या मुलखाची ओळख त्या दागिन्यात उतरवू शकते. ग्राहक जास्तीचे पैसे मोजते, ते या तीन गोष्टींसाठी. रचनेचा विचार येथूनच सुरू व्हायला हवा.

परंपरेचा धडा : शेतातून गळ्यात

मराठी अलंकारांची नावे सहज आठवून पाहिली, तरी एक गोष्ट ध्यानात येते. बोराच्या आकाराच्या मण्यांची ती बोरमाळ, जोंधळ्याच्या दाण्यांसारख्या मण्यांची ती जोंधळी पोत, पोह्यांसारख्या चपट्या मण्यांचा तो पोहेहार, बकुळीच्या फुलांचा तो बकुळीहार. कोल्हापुरी साजात जवाच्या आकाराचे मणी असतात, तर पायाच्या बोटांत मासोळी असते. ज्यांनी हे दागिने पहिल्यांदा घडविले, त्यांनी आकार शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज मानली नाही. अंगणातील बोर, खळ्यावरील जोंधळा आणि ओढ्यातील मासा हेच त्यांचे नमुने होते. ग्राहकाला ते आकार ओळखीचे होते. म्हणूनच ते आवडले आणि शतकानुशतके टिकले.

आजच्या कारागिरांनीही हाच धडा गिरवायला हरकत नाही. इंदापूर-बारामती पट्ट्यातील डाळिंबाचे दाणे, द्राक्षाचा घड, उसाची पेरे आणि ज्वारीचे कणीस हे सारे अलंकारात रूपांतरित होण्याजोगे आकार आहेत. तांबड्या काचमण्यांचा डाळिंबी झुबा किंवा लांबट मण्यांना मध्ये गाठीसारखा बारीक मणी देऊन केलेली उसाच्या पेरांची माळ, अशा रचनांना स्वतःचे नाव देता येते आणि त्यांच्यामागची गोष्ट ग्राहकाला सांगता येते. मात्र आकार सुचविण्यापुरताच असावा. गळ्यात प्रत्यक्ष डाळिंब लटकल्यासारखे दिसू लागले, की दागिन्याचे खेळणे होते. बोरमाळेत बोराचा केवळ गोलवा घेतला आहे, देठ आणि पान घेतलेले नाही, हे लक्षात ठेवावे.

जुन्या अलंकारांत सौंदर्याइतकाच सोयीचाही विचार आढळतो. बोरमाळेचे मणी सोन्याच्या पातळ पत्र्याचे असून आत लाख भरलेली असते. त्यामुळे मणी भरीव दिसतो, पिचत नाही आणि सोनेही कमी लागते. ठुशी गळ्यालगत बसते. पण तिच्या मागे दोरी आणि गोंडा असल्याने ती गळ्याच्या मापाप्रमाणे सैल अथवा घट्ट करता येते. एकच ठुशी सासू आणि सून दोघींनाही होते, ती या एका दोरीमुळे. मोत्यांच्या पट्टीची चिंचपेटी गळ्याला सपाट चिकटून राहते. हे दागिने ओवून देणाऱ्या पटवेकऱ्याचे कसब गाठीत असे. मणी घडविणारा सोनार जितका महत्त्वाचा, तितकाच तो ओवणाराही. आजचा बहुतेक हस्तनिर्मित माल फसतो, तो मण्यात नव्हे, तर गाठीत आणि कडीत.

मालिकांची लाट

ग्राहकांच्या पसंतीवर दूरचित्रवाणीचा आणि चित्रपटांचा प्रभाव मोठा आहे. २०१३ ते २०१६ या काळात गाजलेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील जान्हवीचे मंगळसूत्र गावोगावच्या बाजारात त्याच नावाने मागितले जाऊ लागले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जय मल्हार’ने म्हाळसा आणि बानू यांचे दागिने घराघरांत पोचविले. डिसेंबर २०१५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘बाजीराव मस्तानी’नंतर ‘काशीबाई नथ’ हा शब्दच रूढ झाला.

अशी लाट आली, की तिच्याकडे पाठ फिरवून चालत नाही. परंतु सारे भांडवल तीत ओतणेही धोक्याचे असते. लाट लक्षात येऊन माल तयार होईपर्यंत मोठ्या व्यापाऱ्यांनी तोच नग बाजारात ओतलेला असतो. अशा वेळी दहा-बारा नग करावेत, ते संपले तर पुन्हा दहा करावेत. त्यातही नुसती नक्कल न करता आपल्याकडची भर घालावी. मालिकेतील नथ सर्वांकडे सारखीच असते. मात्र नाक टोचलेले नसलेल्या मुलींसाठी तीच नथ दाबाची करून, वजनाला हलकी करून दिली, तर वेगळे गिऱ्हाईक मिळते.

सोन्याच्या भावाचाही या व्यवसायाशी संबंध आहे. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. सोने आवाक्याबाहेर गेले, तरी लग्नकार्यात नटण्याची हौस कमी होत नाही. ही हौस आता मुलामा दिलेल्या, मोत्यांच्या, टेराकोटाच्या किंवा कापडाच्या दागिन्यांकडे वळत आहे. खणाच्या आणि पैठणीच्या कापडापासून केलेले गळ्यातले व कानातले हे याचे ठळक उदाहरण. हा दागिना सोन्याची बतावणी करीत नाही. तो उघडपणे कापडाचा असतो आणि त्यातच त्याची शोभा असते.

अंगावर सुखावणारा दागिना

प्रदर्शनात स्त्रिया दागिना आधी डोळ्यांनी पाहतात, मग हातात तोलतात आणि शेवटी आरशात पाहतात. या तीन पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीवर बरेच नग मागे पडतात. कानातले फार जड असेल, तर ते कितीही सुंदर असले तरी परत ठेवले जाते. रोजच्या वापरातील कानातल्याच्या जोडीतील प्रत्येक नग शक्यतो दहा ग्रॅमच्या आत राहावा. मोठा आकार हवा असल्यास आतून पोकळ, कापडी किंवा कागदी गाभा वापरावा.

मापांची शिस्तही हवी. बांगड्यांची दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही मापे इंचाच्या सोळाव्या भागांवर आधारलेली आहेत. दोन-चार म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर चार सोळांश, अर्थात सुमारे ५७ मिलिमीटर. दोन-सहा सुमारे ६० आणि दोन-आठ सुमारे ६३.५ मिलिमीटरचे असते. दोन मापांतील अंतर जेमतेम तीन मिलिमीटरचे असल्याने रेशीमधागा गुंडाळलेल्या बांगडीत धाग्याची जाडी आतून वाढली, की दोन-सहाची बांगडी दोन-चारच्याच हातात बसू लागते. धागा गुंडाळून झाल्यावर माप पुन्हा तपासावे, ते यासाठी. गळ्यालगतच्या दागिन्याला मागे दोन-तीन इंचांची जास्तीची साखळी किंवा दोरी दिली, तर एकच नग अनेकींना होतो आणि मापाअभावी गिऱ्हाईक परत जात नाही.

त्वचेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. स्वस्त धातूंमध्ये निकेल असते आणि त्यामुळे अनेकांच्या कानाच्या पाळीला व गळ्याला खाज, लाली आणि पुरळ येते. युरोपीय संघाने १९९४ सालीच त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूंतून बाहेर पडणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. शिसे आणि कॅडमियम यांचा वापर तर, विशेषतः लहान मुलांच्या दागिन्यांत, कटाक्षाने टाळायला हवा. कानात जाणारी तार स्टेनलेस स्टीलची किंवा चांदीची वापरली, तर खर्च थोडाच वाढतो. पण एकदा कान चिघळलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि मैत्रिणींनाही येऊ देत नाही.

तयार झालेला प्रत्येक नमुना विक्रीपूर्वी घरातील कोणीतरी आठ दिवस सलग वापरून पाहावा. घामाने रंग जातो का, केसांत वा पदरात अडकतो का, कडी उघडते का, दोरा ढिला पडतो का, हे त्यातूनच कळते. कड्यांची टोके बोटाला लागत नाहीत ना, हेही पाहावे. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ आठवावी. पंढरपुरातील काशीकापडी समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या माळा घडवितात. तिच्यात चमक नाही, खडा नाही. पण ऊन, पाऊस आणि घाम सोसत ती वर्षानुवर्षे गळ्यात राहते. काटेवाडीतून दर वर्षी अशा हजारो माळा पालखीबरोबर पुढे जातात. टिकाऊ हस्तकलेचा याहून बोलका नमुना दुसरा नसावा.

रंगसंगती : थोडक्यात गोडी

नवख्या कारागिरांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे जवळ आहेत ते सारे मणी एकाच माळेत वापरण्याचा मोह. पारंपरिक नथीकडे पाहावे. पांढरे मोती, मध्ये तांबडा खडा आणि एखादा हिरवा, एवढ्याच रंगांत ती उठून दिसते. एका दागिन्यात एक मुख्य रंग, एक साथीचा रंग आणि धातूची झाक एवढे पुरेसे असते. त्याचप्रमाणे एकाच ठिकाणी नजर ठरेल, असे पदक किंवा मोठा मणी असावा; बाकीच्यांनी त्याला साथ द्यावी.

रंग निवडताना टोपलीतील मण्यांऐवजी कपाटातील साड्या पाहाव्यात. सणासुदीला हिरवा, जांभळा, मोरपंखी, तांबडा आणि केशरी या रंगांच्या साड्या जास्त नेसल्या जातात. एकाच रचनेचे पाच रंगांतील नग मांडल्यास ग्राहक आपल्या साडीला जुळणारा नग निवडते. त्यामुळे नमुने कमी लागतात, हात बसतो आणि कामाचा वेगही वाढतो. कानातले व गळ्यातले जोडीने विकावे. मात्र सुटेही द्यावे. ज्या मुलीजवळ दीडशे रुपये आहेत, तिला पाचशेचा संच दाखवून परत पाठवू नये.

पंचांग पाहून उत्पादन

दागिन्यांची मागणी वर्षभर सारखी नसते. संक्रांतीला हलव्याचे दागिने लागतात. नववधूचा पहिला सण आणि बाळाचे बोरन्हाण यांसाठी मुकुट, हार, बाजूबंद यांचा संच मागितला जातो. साखरेचा पाक मंद आचेवर चढवून काटेरी हलवा तयार करायला दिवसचे दिवस जातात आणि विक्री मात्र दोन-तीन आठवड्यांतच आटोपते. संक्रांत झाली, की हा माल कोणी विचारीत नाही. म्हणून डिसेंबरमध्येच आगाऊ मागणी नोंदवून, बाळाच्या वा वधूच्या मापाने संच करून देणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरी, आश्विनात नवरात्र आणि पाठोपाठ दिवाळी येते. गौरींच्या मुखवट्यांसाठी लागणारे दागिने ही स्वतंत्र बाजारपेठ आहे. मुखवटा व उभ्या गौरीची मापे माणसाच्या मापाहून निराळी असतात, तसेच नथ अडकविण्याची पद्धतही वेगळी असते, हे ध्यानात घेऊन केलेला माल हातोहात जातो. प्रत्येक सणाच्या सहा आठवडे आधी नमुने आणि तीन आठवडे आधी माल तयार असावा, असा आडाखा बांधता येईल.

किमतीचे गणित

स्त्रियांच्या घरगुती उद्योगात सर्वांत दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्या श्रमाचे मोल. समजा, एका ठुशीला १२० रुपयांचा माल लागला. डबी व लेबल यांचे २० रुपये झाले. प्रदर्शनाचे भाडे, प्रवास आणि खराब होणारा माल यांचा वाटा ४० रुपये धरला. अडीच तासांच्या कामाची मजुरी ताशी ६० रुपयांप्रमाणे १५० रुपये झाली. एकूण खर्च ३३० रुपये. त्यावर वीस टक्के नफा धरला, तर किंमत सुमारे ४०० रुपये येते.

शेजारच्या दुकानात तशीच दिसणारी ठुशी दीडशेला मिळते म्हणून हीच ठुशी २०० रुपयांना विकली, तर माल, डबी आणि इतर खर्च वजा जाता हातात केवळ २० रुपये उरतात. अडीच तासांचे २० रुपये, म्हणजे तासाला आठ रुपये. मजुरी न मोजल्याने हा तोटा दिसत नाही. गल्ल्यात पैसे येताना दिसतात आणि व्यवसाय चालल्याचा भास होतो. अशा वेळी किंमत पाडण्याऐवजी रचना बदलावी. तोच आकर्षक भाग कायम ठेवून वेळखाऊ भाग कमी करता येतो का, हे पाहावे. अडीच तासांचे काम दीड तासात आले, तर खर्च ६० रुपयांनी उतरतो. रचना हा केवळ सौंदर्याचा विषय नसून हिशेबाचाही आहे, तो असा.

विक्रीची जागा हीच शाळा

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टतर्फे पुण्यात भरविण्यात येणारी भीमथडी जत्रा ही या भागातील महिला गटांसाठी हक्काची बाजारपेठ ठरली आहे. राज्य शासनाच्या ‘उमेद’ अभियानामार्फत होणारे महालक्ष्मी सरस प्रदर्शन आणि १९७५ पासून कार्यरत असलेले महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्यामुळेही गटांना शहरी ग्राहकांपर्यंत पोचता येते. अशा प्रदर्शनांकडे केवळ विक्री म्हणून न पाहता ग्राहकांची आवड जाणून घेण्याची संधी म्हणून पाहिले पाहिजे.

त्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. कोणता नग किती जणींनी हातात घेतला, किती जणींनी लावून पाहिला आणि किती जणींनी विकत घेतला, याच्या तीन रकान्यांत खुणा कराव्यात. पुष्कळ जणी हातात घेतात पण लावून पाहत नाहीत, तर तो नग जड किंवा टोचणारा असावा. लावून पाहतात पण घेत नाहीत, तर माप किंवा किंमत चुकली असावी. कोणी हातच लावीत नसेल, तर रंग किंवा मांडणी बदलावी. एक बऱ्यापैकी मोठा आरसा आणि चांगला उजेड यांवर केलेला खर्च पहिल्याच दिवशी वसूल होतो.

मोबाईलवरून विक्री करताना दागिना पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेल्या छायाचित्राबरोबरच तो कोणाच्या तरी गळ्यात वा कानात असतानाचे छायाचित्रही द्यावे. आकाराचा अंदाज त्याशिवाय येत नाही. लांबी, वजन, धातू आणि मुलामा यांची माहिती स्पष्ट लिहावी. सोन्याच्या दागिन्यांसाठी जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे. त्यामुळे ग्राहक शुद्धतेबाबत अधिक जागरूक आहे. मुलामा असेल तर मुलामा म्हणावे, काचेच्या मण्याला मोती म्हणू नये. तुटलेली कडी किंवा सुटलेली गाठ विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे आश्वासन दिले आणि पाळले, तर विश्वास वाढतो. साच्यातील मालाला हे आश्वासन देता येत नाही.

रचनेची ही सारी पथ्ये वरकरणी लहान वाटतात. परंतु गटाच्या हप्त्याची तारीख जवळ आली असताना डब्यात शंभर नग पडून आहेत, की पुढच्या वीस नगांची मागणी वहीत नोंदली आहे, हा फरक त्यांतूनच पडतो. घरखर्चात चार पैशांची भर घालणाऱ्या स्त्रीला तिच्या बोटांतील कौशल्याचे पुरेपूर मोल मिळायचे असेल, तर नवा नमुना ओवण्यापूर्वी मण्यांच्या डबीआधी ती वही उघडावी.